उतार दिसणारा चढ

ही हकिकत लिहिणं मी कितीतरी वर्षं टाळलं. मुलगा म्हणतो, "बाबा, आता कशाला उकरता?" जुन्या सहकाऱ्यांना खात्याच्या नावाची काळजी. असू दे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कुणाला भिऊ? परवा धुळ्याहून सकाळची एसटी धरली आणि रावेरकडे निघालो. दगडू गवंड्याची माफी मागायची होती.

पारोळ्यापुढं ऊन तापलं. डांबरावर पाणी चमकू लागलं. बस जवळ गेली की पुढं सरके. तापल्या हवेतून वाकून आलेला आभाळाचा उजेड तो. हे ठाऊक असूनही डोळा त्याला पाणीच म्हणतो.

जळगावला मला झोप लागली होती. कंडक्टरने खांदा हलवला. "आबा, बठ्ठा उतरी ग्यात, तुम्ही काबर बशेल शेतस?" (सगळे उतरले, तुम्ही का बसलात?)

दुसऱ्या बसमध्ये नशिराबाद मागं पडलं आणि जुनं सगळं वर आलं. मी पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होतो. सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावाला पाटचारी (शेतात पाणी नेणारा लहान कालवा) काढायची होती. दगडूने पाण्याची नळी लावून लेव्हल घेतली. दोन टोकांत पाणी सारख्या उंचीला राहतं, एवढं साधं ते साधन. तो म्हणाला, मधल्या पट्ट्यात चढ आहे, चारी खोल खणावी लागेल. मला तर समोर स्वच्छ उतार दिसत होता. लेव्हलचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं, पण मला थांबायचं नव्हतं. चारचौघांत मी म्हणालो, "दगडू, तुझ्या नळीत हवा शिरलीय, आणि डोक्यातही."

चारी माझ्या सांगण्याप्रमाणे उथळ झाली. पाणी सोडलं तर मध्येच अडलं आणि मागच्या शेतांत पसरलं. अहवालात मी लिहिलं, गवंड्याने लेव्हल चुकवली. पुढं यंत्र आलं. मी एकटा जाऊन मोजलं. तिथं चढच होता. मी गप्प बसलो. दगडूला खात्याचं काम पुन्हा मिळालं नाही. गावात तो 'हवावाला' झाला.

रावेरला केळीच्या ट्रकांमधून वाट काढत एका खानावळीत शिरलो. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा. पहिल्याच घासाला उचकी लागली. मालकीणबाई हसल्या. "आबा, बाहेरगावचे दिसता, ठेचा झोंबला. पानी प्या, मंग बोला."

दगडूच्या गावाकडे नेणाऱ्या रिक्षावाल्याला त्या मधल्या पट्ट्याची गंमत ठाऊक होती. मधोमध त्याने इंजिन बंद केलं. समोर सरळ उतार, आणि रिक्षा हळूहळू मागं जाऊ लागली.

"भूत वढते म्हनतात," तो डोळे मिचकावत म्हणाला.

"भूतबीत काही नाही," मी म्हणालो. "आधीचा चढ खडा आहे, हा सौम्य. क्षितिज डोंगराआड गेलंय. डोळ्याला ताडून पाहायला काही उरत नाही, म्हणून सौम्य चढ त्याला उतार वाटतो."

"तुम्हाले लयच माहीत हाये!"

दगडूनाना ओट्यावर बसले होते. मला लगेच ओळखलं. सुनेने चहा दिला. मी "नाना..." म्हणालो, तोच ते उठले, आतून नळी काढली, भरली, बोटाने टिचक्या मारून हवेचे बुडबुडे काढले. "चाला साहेब."

आम्ही दोघं म्हातारे त्या पट्ट्यावर गेलो. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. पाण्याने चढच सांगितला, वीतभर.

"आता दिसलं?"

मी पुन्हा नीट पाहिलं. सगळं ठाऊक असूनही समोर उतारच होता. एकदा खोटं लिहून बसलो होतो. आज खोटं बोलायचं नव्हतं.

"नाही नाना. अजून उतारच दिसतो."

त्यांनी नळी रिकामी केली, गुंडाळून खांद्यावर टाकली. "मंग कायले आले?" आणि चालू लागले. मला त्यांना गाठता आलं नाही. घरी पोचलो तर दार लोटलेलं. सून म्हणाली, "झोपले ते. आता नका उठवू."

मी धुळ्याला परतलो. खात्याला राग येईल, येऊ दे. त्या अहवालावर सही माझी होती आणि तो खोटा होता, हे इथं माझ्या नावाने छापून येऊ दे. डोळ्यांना दोष देऊन मी सुटणार नाही. डोळे सगळ्यांचेच फसतात. मोजल्यावर गप्प बसलो, ते मी.

नाना, त्या पट्ट्यावर मी पुढचं वाक्य बोलायला हवं होतं. मला दिसत नाही, तरी खरं तुमचंच आहे. तेव्हाही होतं. माझं चुकलं. मला माफ करा.