अण्णा आणि ऊपर की हवा

अण्णा गेला तेव्हा मी बेगम बाजारात चिंच घेत होते. त्याच्या शेजारच्या गौसभाईंचा फोन आला, "आपा, बड़े भाई नहीं रहे." चिंच तिथंच ठेवून मी ऑटो केली आणि गौलीगुड्याला गेले. अण्णा माझा थोरला भाऊ. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. कुणाला त्रास द्यायचा नाही, हे त्यानं शेवटपर्यंत पाळलं... एक गोष्ट सोडून, आणि ती गोष्ट म्हणजे हवा.

त्याचं आयुष्य हवामानाच्या नोकरीत गेलं. रोज पहाटे एक मोठा फुगा सोडायचा. त्याला टांगलेलं यंत्र वर जाताना कुठल्या उंचीवर किती थंडी, किती ओल ते कळवत राहायचं. फुगा वाहत जाईल तसा वारा समजायचा. काय करता, असं कुणी विचारलं की अण्णा सरळ सांगे, "ऊपर की हवा देखता हूँ." आता आमच्याकडच्या दख्खनीत 'ऊपर की हवा' म्हणजे भूतबाधा! गल्लीत जन्म गेलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल? चांगलं ठाऊक होतं. पण शब्द बरोबर आहे तर मी का बदलू, असा त्याचा हेका. त्यामुळे अर्धी गल्ली त्याला मांत्रिक समजायची.

माझ्या रेवाचं लग्न एप्रिलात होतं. व्याही पुण्याचे, त्यांना रिसेप्शन उघड्या मैदानातच हवं होतं. शामियाना गौसभाईंचा. सकाळी खांब उभे राहत होते, आणि अण्णा येऊन म्हणाला, "हे रद्द कर. हॉल बघ."

"डोकं फिरलंय का तुझं? आभाळात ढगाचा ठिपका नाही!"

"संध्याकाळी येईल. खाली समुद्राकडची ओली, गरम हवा घुसलीय. वर पश्चिमेचा कोरडा वारा जोरात आहे, आणि त्याच्याही वर कडाक्याची थंडी. गरम हवा एकदा उसळली की थांबणार नाही. वरचा वारा ढगाला तिरका करतो, मग पाऊस त्या चढत्या हवेवर पडत नाही आणि ढग लवकर विझत नाही. गारा पडतील."

"आणि नाही पडल्या तर?"

"तर शिव्या दे मला."

शिव्या देऊन व्याह्यांपुढची अब्रू थोडीच परत येणार होती? मी ऐकणार नव्हतेच. पण गौसभाईंनी ऐकलं होतं. "आपा, बड़े भाई बोल रैं ऊपर की हवा खराब है. मैं यहाँ शामियाना नै लगाता." अहो, ते पावसाचं बोलतायत, मी परोपरीनं सांगितलं. "जी, वो भी होंगा," असं म्हणून ते दोऱ्या सोडायला लागले. मग धावपळ करून त्यांनीच जवळच्या शाळेचा हॉल मिळवून दिला.

संध्याकाळी लिंबाएवढ्या गारा पडल्या. वधूवरांच्या खुर्च्या जिथं मांडणार होतो तिथं कडुनिंबाची अख्खी फांदी आडवी झाली होती. आणि अण्णा? तोंड फुगवून बसलेला! "शास्त्र सांगितलं ते ऐकलं नाहीत, भुताला भिऊन ऐकलंत." डबल का मीठा मात्र दोनदा वाढून घेतला.

पुढं गौसभाई नातीला घेऊन त्याच्याकडे आले. पोर झोपेत दचकते, जरा फूँक दीजिए. अण्णानं त्यांना हवेचे थर समजावले. त्यांनी अदबीनं ऐकलं आणि म्हणाले, "जी, मगर फूँक दीजिए." शेवटी अण्णानं कोपऱ्यावरच्या दुकानातून एक लाल फुगा आणला, त्यात फुंकर मारली आणि गाठ मारून पोरीच्या हातात दिला. गौसभाईंचं समाधान झालं आणि अण्णाचं तत्त्वही राहिलं.

त्यानंतर त्यानं मला समजावणं सोडून दिलं. पाऊस यायच्या आधी अंबरपेठेला माझ्याकडे फोन करायचा आणि एवढंच म्हणायचा, "कपडे काढ." मी काढायचे. का, कशावरून, काही विचारायचे नाही. परवा दुपारी गच्चीवर दोऱ्या भरून कपडे होते. उंचावरचे पांढरे ढग पश्चिमेकडून पळत होते, खालचे काळे पूर्वेकडून चढत होते. मला सगळं दिसत होतं आणि ऐकून ऐकून कळतही होतं. तरी फोन हातात धरून मी उभीच राहिले... थेंब पडायला लागले, तरीही. अण्णानं काढ म्हटल्याशिवाय काढायचे कसे?