ओझेवाल्याच्या सात ओळी

माझ्या थोरल्या नणंदेने आयुष्यात एकाच भाषांतरित कादंबरीवर जीव लावला. तीन जाडजूड खंड, प्रत्येकात घडीचा नकाशा, बोलणारे पक्षी, बर्फाखाली गेलेली नगरी आणि कोण कोणाचा काका ते लक्षात राहू नये इतके राजे. थंडी पडू लागली की वन्सं पहिला खंड काढायच्या आणि हे म्हणायचे, "निघाली ताई प्रवासाला." मला त्या पुस्तकाचा कंटाळा होता, हे इथे कबूल करून टाकते.

वन्सं एकोणतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासत होत्या. लग्न केलं नाही. वडील लवकर गेल्यावर धाकट्या भावाचं शिक्षण, मग आईचं अंथरूण, मग आमच्या घरातली दुखणीखुपणी, असं एकामागून एक येत गेलं. छापखान्यात काम दोघींनी करायचं असे. एकीने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट. दुसरीने छापील कागदावर पट्टी ठेवून ओळ न ओळ मिळवायची. ही सवय घरीही सुटली नाही. माझ्या माहेरचं पत्र माझ्या आधी त्यांच्या हाती पडलं, तर त्या सांगायच्या, "आईने 'लवकर ये'पुढे उद्गारचिन्ह दिलेलं नाही. म्हणजे घाई नाही."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग आला. कडेचं दिसतं, समोरचं नाही. माणूस आलेला कळतो, चेहरा कळत नाही. वाचन थांबलं. घरात आता आम्ही दोघीच, मी एकोणऐंशी आणि त्या चौऱ्याऐंशी.

गेल्या महिन्यात छापखान्याच्या जुन्या मालकांच्या मुलीचा फोन आला. त्या कादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे, काही दुरुस्ती असेल तर पंधरा दिवसांत कळवा, असं तिने अदबीने सांगितलं. वन्संनी फोन ठेवला आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या. चहा गार झाला. मग त्यांनी मला जे सांगितलं ते एकतीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या कादंबरीत एक ओझेवाला आहे. बुडालेल्या नगरीचा दगडी उंबरठा पाठीवर घेऊन तो तीन खंड चालतो. तो दगड जिथे जमिनीला टेकेल तिथेच नवी नगरी वसणार, आणि मग हलणार नाही. त्यामुळे योग्य जागा मिळेपर्यंत त्याला ओझं उतरवता येत नाही. झोपतोसुद्धा झाडाला टेकून, उभ्याने. तिसऱ्या खंडाची मुद्रितं आली त्या दिवशी वन्संची जोडीदारीण रजेवर होती. शेवटची प्रकरणं त्यांनी एकटीने वाचली. वाचता वाचता पट्टी बाजूला पडली, स्वल्पविराम सुटले, हस्तलिखित उघडलंच नाही. संध्याकाळी त्यांनी सही करून कागद खाली धाडले.

पुस्तक छापून आल्यावर त्यांनी हौसेने आपली आवडती जागा काढायला घेतली. विहिरीवर दोन बायका भेटतात, दगड जमिनीला न टेकवता तो घटकाभर आपल्या खांद्यांवर घेतात आणि ओझेवाला खाली बसून पाय चोळतो. सहा-सात ओळी. त्या पुस्तकात नव्हत्या.

"दुरुस्त्या करताना खिळे जुळवणाऱ्याच्या हातून गळल्या असतील," वन्सं म्हणाल्या. "त्यानंतरच्या कागदांवरही मी न मिळवताच सही केली. गळलेलं पकडायलाच तर मला बसवलं होतं. आणि निरोपाच्या दिवशी मालक काय म्हणाले? या बाईंच्या हातून कधी स्वल्पविराम निसटला नाही."

म्हणजे दर थंडीत वन्सं त्याच सात ओळी शोधत होत्या. मी विचारलं, तुम्हीच सांगून टाका ना मजकूर. त्या म्हणाल्या, चित्र आठवतं, शब्द आठवत नाहीत, आणि दुसऱ्याच्या पुस्तकात आपले शब्द घालता येत नाहीत. हस्तलिखित कधीच रद्दीत गेलं होतं, भाषांतर करणारे गृहस्थही राहिले नव्हते. पण कोणी विरामचिन्हांसकट वाचून दाखवलं तर वाक्य कुठे तुटलं आहे ते कानाला कळेल, असं त्यांना वाटत होतं. हे माझ्या नावावर ठेवून मला जायचं नाही, एवढंच त्या पुढे बोलल्या.

तिसरा खंड, चारशे बारा पानं. रोज दुपारी जेवण झालं की मी वाचायला बसे. माझ्या वहीत त्या दिवसांच्या नोंदी अशा आहेत: पानं एक ते चौतीस, घसा बसला. चौतीस ते साठ, वन्संना मध्येच डुलकी, पण स्वल्पविराम गाळला की जाग्या. एकशे दहापर्यंत, दोघींची पाठ दुखते. नवव्या दिवशी भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की, तो ओझेवाला खिंड ओलांडू शकेल का, याचीच काळजी मी करते आहे. हे मी वन्संना सांगितलं नाही. त्यांना कळलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी मी वेळेआधी चष्मा पुसत बसले तेव्हा त्या गालात हसल्या.

तेराव्या दिवशी खंड संपला. विहीर आली, दोन बायकाही आल्या. त्यांनी ओझेवाल्याला पाणी पाजलं, उभ्यानेच. वाक्य कुठे तुटलेलं नव्हतं.

तेव्हा मला सुचलं की मूळ इंग्रजी पुस्तक पाहावं. मुद्रितशोधकाच्या लेखी मूळ म्हणजे हस्तलिखित. त्याच्याही मागे एक मूळ असतं, हे एकतीस वर्षांत वन्संच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी ग्रंथालय गाठलं. तिथल्या बाईंनी खंड माझ्यापुढे ठेवताना विचारलं, "आजी, उचलेल ना?" मी तिथेच बसले. शाळेत नन्सनी शिकवलेलं इंग्रजी जुनं झालं तरी अजून चालतं. विहिरीचं पान मी तीनदा वाचलं. मग मागची वीस आणि पुढची वीस.

घरी आले तेव्हा वन्सं दाराकडे मान तिरपी करून बसल्या होत्या. डागाच्या कडेने बघायचं तर तसंच बसावं लागतं. वाटेत मी दोन तऱ्हेची उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यांतलं खोटं मला बोलता आलं नाही.

"वन्सं, तुमच्या हातून काही गळलेलं नाही. त्या ओळी मुळातच नाहीत."

"नीट पाहिलंस?"

"तीनदा."

त्यांच्या मनावरचा भार उतरेल असं मला वाटलं होतं. त्यांचे हात मांडीवर तसेच पडून राहिले. त्यांनी विचारलं, "मग तो कुठेच बसला नाही का गं?"

"नाही. शेवटी दगड ठेवतो, तेव्हाच."

"मला अगदी दिसला होता. टाचा भेगाळलेल्या."

मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी बसले. ग्रंथालयापर्यंत जाऊन येऊन माझेही पाय भरून आले होते.

चौदाव्या दिवशी सकाळी त्यांनी मला छापखान्याचा नंबर लावायला सांगितला. मालकांच्या मुलीने हातात पेन घेतलं असावं, कारण वन्सं म्हणाल्या, "लिहून घेण्यासारखं काही नाही बेटा. बरोबर आहे सगळं." पलीकडून ती आभार मानू लागली. त्यांनी ते पुरते ऐकून घेतले आणि फोन माझ्या हातात दिला.

"आता पहिला खंड काढ," त्या म्हणाल्या. "आणि यावेळी स्वल्पविराम म्हणू नकोस. नुसतं वाच."