खांबाचा स्वेटर

आमच्या महिला मंडळाची स्मरणिका निघते आहे. तीत माझा फोटो येणार आणि खाली ‘विणकामाला वाहिलेलं आयुष्य’ असं छापणार म्हणे. ज्या कामामुळे ही फोटोची वेळ आली ते काम मी केलेलंच नाही, हे एवढ्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यात मंडळाचा दोष नाही. मी मुळात कमी बोलते, आणि कमी बोलणाऱ्या बाईबद्दल लोकांचं मत आपोआप चांगलं होत जातं.

आम्ही तेव्हाही नागपुरातल्या याच क्वार्टर्समध्ये राहायचो; तेव्हा ती सरकारी होती, पुढे राहणाऱ्यांनाच विकली. सत्तर सालानंतरची गोष्ट. थंडी पडली की दुपारी सगळ्या बायका अंगणात उन्हाला बसायच्या. मांडीवर लोकर, शेजारी संत्र्यांच्या सालींचा ढीग, आणि तोंडं सुयांपेक्षा जोरात चाललेली. तो काळच झाकण्याचा होता. रेडिओला क्रोशाचं कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, पाण्याच्या भांड्यावर मणी लावलेली जाळी. एकीनं तर नवऱ्याच्या हेल्मेटला टोपी विणली होती. घरात झाकण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा मंडळ रस्त्यावर आलं.

निमित्त होतं बागेच्या उद्घाटनाचं. बाग म्हणजे दोन बाकं, एक घसरगुंडी आणि मेंदीचं कुंपण. पण अधिवेशनासाठी नागपुरात आलेले एक मंत्री तिची फीत कापायला यायचे होते. बागेकडे जाणाऱ्या रस्त्यावर विजेचे बारा गंजके खांब होते. आमच्या अध्यक्षीणबाईंना ते बघवेनात. त्या मोठ्या साहेबांच्या पत्नी असल्यामुळे त्यांना जे बघवत नसे, ते आम्हालाही बघवत नसे.

“प्रत्येकीनं एकेक खांब घ्यायचा,” त्या म्हणाल्या. “जिचा खांब सर्वांत उत्तम, ती आपल्या नव्या विणकाम वर्गाची शिक्षिका.”

वर्ग मंडळाच्याच खोलीत भरणार होता. समोरच्या क्वार्टरवालीनं हात वर केला, म्हणून मीही केला. मला तेव्हा फक्त मफलर विणता येत होता. तोही विणता विणता आपोआप रुंद होत जायचा.

ताई आमच्या कॉलनीच्या भिंतीमागच्या वस्तीत राहायच्या. दवाखान्यात आया होत्या. माझ्या बाळंतपणात त्यांनी मला सांभाळलं होतं आणि माझ्या मुलीला वॉर्डात बसल्या बसल्या पिवळी टोपरी विणून दिली होती. तसलं विणकाम मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांचं घर छप्पन साली बौद्ध झालेल्यांपैकी. मंडळाच्या घटनेत त्यांना सभासद करू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहावं लागत नव्हतं.

मी जुने स्वेटर उसवून लोकर धुतली, वाळवली आणि पिशवी घेऊन मागच्या दारानं त्यांच्याकडे गेले. मागच्या दारानं, कारण ते जवळ पडायचं. असं मी स्वतःला सांगितलं.

“खांबाले स्वेटर?” ताई हसून हसून लाल झाल्या. “वहिनी, तुमच्या मंडळातल्या बायांले काही कामधंदा नाही काय वं?”

“नाही,” मी म्हटलं. हे मात्र खरं बोलले.

त्यांनी खांबाला सुतळी गुंडाळून माप घेतलं आणि आठ दिवस ड्युटीवरून आल्यावर विणत राहिल्या. मी बघायला जायची. इतरांनी सरळ पट्टे विणले होते. ताईंनी मात्र दर हात-दीड हातावर दोन सुलट दोन उलट अशी घट्ट पट्टी घातली होती, स्वेटरच्या खाली असते तशी.

“हे कशासाठी?” मी विचारलं.

“खांबाले काय कंबर असते? घसरनच ना तो. म्हून मधातमधात आवळून राहिली.” मग सुया खाली ठेवून त्या म्हणाल्या, “वहिनी, खांब तुमचाच. नावही तुमचंच राहू द्या. पण अध्यक्षीणबाईले सांगजा, विणला कोनं ते. तो वर्ग मले भेटला तर आयाचं काम सुटन. पोटऱ्या सुजतात माह्या.”

“सांगते ना,” मी म्हटलं. अगदी लगेच म्हटलं.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी आभाळ भरून आलं आणि अवेळी पाऊस झिमझिमत राहिला. सकाळी आम्ही सगळ्याजणी ठेवणीतल्या साड्या नेसून रस्त्यावर आलो, तर अकरा खांबांचे स्वेटर पाणी पिऊन पायाशी गोळा झालेले. शाळेतून पळून आलेल्या, मोजे घसरलेल्या पोरांसारखे अकरा खांब ओळीनं उभे होते. बारावा तेवढा गळ्यापर्यंत नीटनेटका. तो माझा.

मंत्री म्हणाले, “वा! नागपूरची थंडी खांबांनाही वाजते तर!” सगळे हसले. विनोद मंत्र्यांचा होता, त्यामुळे थोडे जास्तच हसले.

अध्यक्षीणबाई मला पुढे घेऊन गेल्या. “अहो, तुमचाच कसा काय जागेवर राहिला?”

कुंपणापाशी बघ्यांच्या गर्दीत ताई उभ्या होत्या. दवाखान्याच्या पांढऱ्या साडीत, ड्युटीवर जाता जाता थांबलेल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, “खांबाला कंबर नसते ना. म्हणून मधे मधे पट्टी घातली.”

कोणी घातली, हे मी बोलले नाही. खोटं बोलायचं नाही, हा माझा बाणा होता. टाळ्या झाल्या. मी वळून पाहिलं तेव्हा कुंपणाशी ताई नव्हत्या. ड्युटीची वेळ झाली असणार.

दुसऱ्या दिवशी त्या मागच्या दाराशी आल्या. “सांगतलं का वहिनी?”

“गडबडीत राहूनच गेलं बघा. सांगते.”

“हो. गडबड तं होतीच,” त्या म्हणाल्या. परत कधी त्यांनी विचारलं नाही. त्यांनी न विचारल्यामुळे माझी केवढी सोय झाली, हे त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे.

तर मी शिक्षिका झाले. इतवारीच्या बाजारातून नमुन्यांचं पुस्तक आणलं आणि एक धडा पुढे राहून शिकवू लागले. दुसऱ्या वर्षी मंडळाला पुरोगामी व्हायची लहर आली आणि वर्ग बाहेरच्या बायकांनाही खुला झाला. नोंदवहीत तिसरं नाव ताईंचं होतं.

“दवाखान्यात पेशंट बायांले विणकाम शिकवनारीची जागा निघून राहिली,” त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. “पयल्या श्रेणीचं सर्टिफिकेट पायजे म्हनते, बाई.”

वहिनीची मी बाई झाले होते.

सहा महिने त्या मागच्या सतरंजीवर बसून माझ्याकडून सुलट टाका शिकल्या. एकदा दाखवता दाखवता माझाच टाका सुटला. वर्ग बघतच होता. ताई म्हणाल्या, “बाई, मले मागून दिसलं नाही. पुन्हा एक डाव दाखवजा ना.” आणि मला सावरून घ्यायला वेळ मिळाला. त्यांनी मला किती वेळा असं वाचवलं, ते मी मोजलं नाही. मोजायची भीती वाटायची.

परीक्षेत प्रत्येकीनं एक बाही विणायची होती. प्रथम श्रेणी एकीलाच द्यायची होती, आणि त्या वर्षी अध्यक्षीणबाईंची सून वर्गात होती. तिची बाही हत्तीच्या सोंडेला बरोबर झाली असती. त्यांनी मला काही सांगितलं नाही. फक्त चहाला बोलावलं आणि सून किती मेहनत करते ते दोनदा सांगितलं. मला एवढं पुरतं.

ताईंच्या बाहीत दोष सापडेना. उलटून पाहिली, उजेडात धरली. शेवटी म्हटलं, “पट्टी जरा घट्ट झाली आहे.”

ताईंनी बाही हातात घेऊन पट्टी ताणून पाहिली. मग अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “खांबाले तं बसली होती, बाई.”

मी मान खाली घातली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : पट्टी घट्ट. द्वितीय श्रेणी. खाली सही केली. ती जागा ताईंना मिळाली नाही. त्या आयाच राहिल्या.

परवा स्मरणिकेच्या संपादक बाईंकडे जाऊन मी सांगितलं, की माझ्या फोटोऐवजी एका दुसऱ्या बाईंचं नाव छापा, तो खांब त्यांचा. त्यांनी चष्मा सारखा करत विचारलं, “त्या मंडळाच्या सभासद होत्या का?”

“नव्हत्या.”

“मग कसं करणार हो?”

‘आपणच त्यांना कधी करून घेतलं नाही,’ हे उत्तर मला सुचलं, पण परतताना फाटकापाशी. सवयच तशी आहे. म्हणून हे लिहून काढलं. छापलं तर ठीक, नाहीतर राहू द्या. खरं तर हे आधी ताईंना वाचून दाखवायला हवं. भिंतीपलीकडे जायला दोन मिनिटं लागतात. त्या घरीच असतात आता, पोटऱ्यांमुळे फार उभं राहवत नाही. कागदाची घडी करून मी तीनदा चप्पल घातली आहे आणि तीनदा काढली आहे. या वेळी पुढच्या दारानं जायचं ठरवलंय, समोरच्या क्वार्टरवालीला दिसेल असं. ती विचारेल, कुठे निघालात? सांगायला तिच्यापासूनच सुरुवात करावी म्हणते.