सखुबाईच्या हाताचा गुण

शेव्याच्या मिठागरांवर त्या काळी कुणा पोराचं डोकं दुखलं, की आई त्याला उचलून थेट सखुबाईच्या दारात आणायची. डॉक्टर उरणला, तिथं जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. सखुबाई हळकुंड निखाऱ्यावर धरायची, लाल झालं की पोराच्या कपाळाला टेकवायची. चर्र! पोर किंचाळायचं, आई डोळे पुसायची, आणि चार दिवसांनी विचारलं तर पोर म्हणायचं, थांबलं. वीस वर्षं हेच चाललं. तिच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते फार गोड लागायचं. का लागू नये? नवरा गेलेला, मूलबाळ नाही. बिचारीचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

बत्तीस सालच्या चैत्रात मिठाच्या पाट्या वाहताना तिला सगुणाची कमळ राशीआड ओकताना दिसली. नऊ वर्षांची पोर. तिला डाग देऊन महिनाही झाला नव्हता. डोकं दुखतंय का, म्हणून सखुबाईनं विचारलं. कमळनं नाही म्हणून मान हलवली आणि दोन्ही हातांनी कानशिलं गच्च दाबून धरली.

सखुबाईनं तिला खोपटात सावलीला नेलं, डोळ्यांवर ओलं फडकं ठेवलं. मग जवळ बसून एकेक विचारत गेली. इतक्या वर्षांत हे तिनं कधी केलंच नव्हतं. दुखतं कधी? दुपारी, मीठ उन्हात लखलखायला लागलं की. झोपेतून दुखून उठतेस? नाही. सकाळपासून पोटात काय गेलंय? काहीच नाही. रास पुरी झाल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही ही तिथली रीत, आणि मेली ती रीत पोरांनाही सुटत नसे. सखुबाईनं आपल्या वाटची पेज तिला पाजली. पोरीला डुलकी लागली, आणि उठली ती चांगली हसत उठली.

सखुबाईचा जीव भांड्यात पडला, पण एक गोष्ट काही केल्या उलगडेना. डाग दिल्यावर थांबलं असं तूच म्हणालीस ना, असं तिनं विचारलं.

कमळ खाली बघत राहिली. "थांबलं न्हवतं. खरं बोलले असते तर तू परत डाग दिला असतास, आजी."

दिवेलागणीला सखुबाई दयारामच्या घरी गेली. तो आता दोन पोरांचा बाप होता. लहानपणी त्यालाही तिनंच डाग दिला होता. "खरं सांग रे, तुझं डोकं दुखायचं थांबलं होतं का?"

दयाराम ओशाळा हसला. "आता कशाला इचारतेस, काकी?" म्हणाला, आणि तिला बसायला पाट दिला.

सखुबाई बसली नाही. तशीच पुढच्या घरी गेली.