चाळीस पौंडाचा लीडर

जगातली निम्मी दुःखं चुकीच्या जाडीचा दोरा निवडल्यामुळे होतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला भेटला, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तेलंगणात, आदिलाबादजवळच्या इचोड्याला हमरस्त्यावर त्यांचं दोर, पाइप आणि पाण्याच्या मोटारीच्या सामानाचं दुकान आहे. घर इतकं शाकाहारी, की चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर. आणि असा हा माणूस दर रविवारी गळ घेऊन तळ्यावर जातो, मरळ पकडतो, चिमट्यानं तिच्या तोंडातला गळ काढतो आणि तिला पाण्यात सोडून हात जोडतो. तिथं जाळी टाकणाऱ्या पोशट्टीनं एकदा न राहवून विचारलं, "सेठ, खाते नै तो पकडते कायकू?" साडभाऊ म्हणाले, "भेटाले."

हे सगळं मोबाइलवरून आलं. परदेशात बास नावाचा मासा पकडणाऱ्यांचे व्हिडिओ ते पाहतात. बास आपल्याकडे नाही, मरळ आहे. त्यावर त्यांनी भागवलं. रिळावर विणलेली दोरी, तिच्या टोकाला दोनेक हात पारदर्शक दोरा, आणि त्याला रबरी बेडूक. या पारदर्शक दोऱ्याला लीडर म्हणतात, आणि तो किती पौंडाचा, म्हणजे किती ताण सोसणारा, घ्यावा यावर साडभाऊ जेवण थंड होईपर्यंत बोलतात. दोरी पन्नासची, तर लीडर चाळीसचा. मोकळ्या पाण्यात वीसचा चालतो. पण आमच्या तळ्यात बेशरमाच्या झुडपांची खोडं, तिथं तो एका झटक्यात तुटतो आणि गळ माशाच्या तोंडात राहतो. लीडर दोरीहून दणकट घेतला तर दोरीच वर, हाताजवळ तुटते, आणि तेवढं लांब शेपूट खोडाला गुंडाळून मासा मरतो. "तुटाचंच असन, तं कोठं तुटन हे आधी ठरवा लागते," असं ते भाकरी मोडता मोडता सांगतात. मला मासेमारीत काडीचा रस नाही. मेव्हणीच्या हातची ज्वारीची भाकरी आणि ठेचा मिळतो म्हणून मी आदिलाबादहून बसनं जातो.

हाच नियम त्यांनी दुकानातही लावला. विहिरीला दोर न्यायला आलेल्या एका शेतकऱ्याला त्यांनी बादलीजवळ हातभर बारीक दोर जोडून दिला. "अडकली तं बादली जाईन, दोर तं वाचन." दुसऱ्याच दिवशी तो माणूस अख्खा दोर खांद्यावर टाकून, बादलीशिवाय, लालबुंद होऊन आला. साडभाऊंनी टोक निरखलं आणि समाधानानं म्हणाले, "बरोबर जागी तुटला." कुठलाही दोरा दोन बोटांत चोळून ते त्याची ताकद सांगतात. माझ्या मुलीच्या लग्नात हाराचा दोरा चोळून म्हणाले, "सातचा हाय. फोटोपर्यंत टिकन." टिकला.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी जेवणाआधी मलाही ते तळ्यावर घेऊन गेले; त्यांच्या अंगठ्याला पट्टी होती, म्हणून लीडर मी बांधला. "भाऊ, चाळीसचं रीळ घ्या," एवढं सांगून ते पोशट्टीशी बोलत उभे राहिले. मी डब्यातून रीळ काढलं, गाठ मारली. तिसऱ्याच फेकीला मांडीएवढी मरळ लागली, खोडात शिरली, आणि दोरा तुटला. बेडूक तिच्या तोंडातच गेला. साडभाऊ मटकन बांधावर बसले. "तोंडात लोखंड घेऊन थे खाईन कशी, भाऊ? माझाच दोरा उन्हात राह्यला असन." मी म्हटलं, असेल.

पुढची दोन वर्षं त्यांनी दुसरीकडे गळ टाकला नाही. रविवार आला की तेच खोड. बासरला जाऊन देवीपुढे त्या मरळीच्या नावानं नारळ फोडला. सरस्वतीचा आणि माशांचा काय संबंध, असं मेव्हणीनं विचारलं, तेव्हा चार दिवस बोलले नाहीत. त्यांचं जेवणही कमी झालं होतं.

यंदा उन्हाळ्यात तळं आटलं आणि पोशट्टीच्या लोकांनी जाळं ओढायचं ठरवलं. साडभाऊंनी दुकान बंद ठेवलं. गुडघाभर चिखलात उभं राहून ते एकेका मरळीचं तोंड उघडून पाहू लागले. "सेठ, दातां गिनते क्या?" पोशट्टी हसला. दुपारच्या सुमाराला ती सापडली. जबड्याच्या कोपऱ्यात गळ, रंग उडालेला बेडूक, मागं वीतभर दोरा. चांगली जाडजूड झाली होती. साडभाऊंनी चिमट्यानं गळ हळूच काढला. पोशट्टीनं आपणहून पाण्याची बादली पुढं केली, आणि साडभाऊंनी मरळ तीतून नेऊन पलीकडच्या मोठ्या तळ्यात सोडली.

मग त्यांनी तो वीतभर दोरा दोन बोटांत चोळला. परत चोळला.

"हा वीसचा हाय," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. मी पोशट्टीची बादली परत द्यायला निघालो.

परतताना त्यांनी फाट्यावर स्कूटर थांबवली. मग म्हणाले, "भाऊ, डोळे तपासून घ्या. नंबर वाढला असन तुमचा." पुढच्या रविवारी त्यांच्या डब्यातल्या प्रत्येक रिळावर पांढरी पट्टी होती, आणि तिच्यावर अंड्याएवढा आकडा. "आता तुमाले तरास नाई," म्हणाले.

मला फार लाज वाटली. आज सांगू, असं दर रविवारी बसमध्ये ठरवतो, आणि इचोडा येतं. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. त्या दिवशी आकडा मला स्वच्छ दिसला होता. चाळीसचं रीळ डब्याच्या तळाशी होतं, आणि मला भूक लागली होती.