सलगमांखालचा गॅस

आमच्या खोऱ्यात कुणाच्या टाकीत किती रॉकेल आहे ते विचारावं लागत नाही, ऐकू येतं. प्रत्येक घरामागे रॉकेलची टाकी असते. रॉकेलवर बंब चालतो, बंबावर भिंतीतल्या नळ्या तापतात, आणि माणूस मार्चपर्यंत तग धरतो. टाकीत किती उरलं ते दिसावं म्हणून काच बसवलेली असते, पण ती आमच्या वडिलांच्या वेळेपासून काळी आहे. म्हणून पळीने ठोकून बघायचं. ढप्प वाजलं तर रॉकेल आहे. ठण्ण वाजलं तर देव आहे.

त्या वर्षी एफी फारकरसनची टाकी नाताळच्या आधीच ठण्ण वाजायला लागली.

एफी माझी शेजारीण. शेजारीण म्हणजे मधे एक ओढा, एक टेकाड आणि आमचा दुसरा शेजारी वॉटी, त्याचं कुरण आहे. पण थंड हवेत आवाज लांब जातो. वय ऐंशीला टेकलेलं, अंगाने काटकुळी, जिभेने तिखट. नवरा हेमिश जाऊन बरीच वर्षं झाली. मागे उरल्या चार मेंढ्या, कोंबड्या, टॅम नावाचा कुत्रा आणि हेमिशचे लोकरी कपडे. ते कपडे ती दर वसंतात धुते, ऊन दाखवते आणि घडी करून पुन्हा पेटीत ठेवते. "तो परत येणार आहे का ते घालायला?" मी एकदा विचारलं. "तो नाही येणार," ती म्हणाली, "पण थंडी येतेच ना."

रॉकेलचे भाव त्या हिवाळ्यात असे चढले की टँकरवाल्याने हात केला तरी लोक दुसरीकडे बघायचे. मग सरकारला दया आली. ज्यांच्या घरी गॅसची नळी नाही त्यांना घर गरम ठेवायला मदत मिळेल, असं रेडिओवर सांगितलं. आमच्याकडे नळी कुणाच्याच घरी नाही, तेव्हा मदत सगळ्यांना आली. मला आली. वॉटीला आली, जो भर जुलैतसुद्धा स्वेटर काढत नाही आणि ज्याचं अर्धं रान लाकडाने भरलेलं आहे. फक्त एफीला आली नाही.

कारण एफीच्या शेतात गॅस आहे.

समुद्राकडून शहराकडे जाणारा मोठा नळ तिच्या सलगमांच्या वावराखालून गेलाय. वर दिसतो तो नुसता एक पिवळा खांब, हेलिकॉप्टरातून पाहणी करणाऱ्याला कळावा म्हणून डोक्यावर टोपी घातलेला. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात ते हेच. अख्ख्या शहराच्या अंघोळीची ऊब हिच्या पायाखालून जाते आणि ही वर दोन कोट चढवून चहा पिते. "इतकी वर्षं माझ्या रानातून जातोय," ती म्हणायची, "एकदा वर येऊन घोटभर चहा घेतला नाही मेल्याने."

मदत वाटणाऱ्या कचेरीच्या नकाशात तो नळ तिच्या नावावर पडला होता. तिने फोन लावला तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

"आजी, तुमच्याकडे गॅस आहे का?" पलीकडून एका मुलीने विचारलं.

"आहे ना."

मी दोन्ही हात हलवून नाही नाही केलं. एफीने माझ्याकडे पाठ फिरवली.

"मग आजी, तुम्हाला मदत मिळणार नाही."

"अगं, पण तो खाली आहे."

"तळघरात?"

"सलगमांच्या खाली."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती मुलगी म्हणाली, बघायला माणूस पाठवते.

"नाही म्हणायला काय झालं होतं तुला?" मी म्हणालो.

"आहे त्याला नाही कसं म्हणू, डोड? तुझ्या टाळक्यावर केस आहेत असं मी कधी म्हणते का?"

डोड म्हणजे मी.

आता नुसती थंडीचीच गोष्ट असती तर एफीने ती चावून खाल्ली असती. पण तिची लेक मोराग ग्लासगोला अकराव्या मजल्यावर राहते, आणि मायलेकींचं ठरलं होतं: नवं वर्ष लागायच्या आत टाकी भरली नाही, तर एफीने घराला कुलूप घालून लेकीकडे जायचं. एफीने शब्द दिला होता, आणि तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. कोंबड्या आणि मेंढ्या वॉटी नेणार, टॅमला मी, एवढंही ठरून गेलं होतं. "अकराव्या मजल्यावरनं कोंबड्यांना हाक मारली तर येणार कोण?" असं ती एकदाच बोलली, आणि लगेच बूट न पुसता आत आलो म्हणून मला झापलं.

माणूस येणार कळल्यावर मी तिला शहाणपण शिकवायला गेलो. "हे बघ एफी, शेगडी पेटवायची नाही. खिडकी जरा किलकिली ठेवायची. साहेब दात वाजवत बसेल आणि तसाच थरथरत सही करेल."

"पाहुणा आहे तो."

"तपासनीस आहे तो."

"उंबऱ्याच्या आत आला की पाहुणा. माझ्या घरात पाहुणा कोट घालून बसला तर मी खोऱ्यात तोंड कुठे दाखवू?"

पण जाळायला होतं काय? मग जिने जन्मात वाटीभर साखर कुणाकडे मागितली नाही, ती बाई उसनं जळण मागायला निघाली. मी पीटचं एक पोतं दिलं. आमच्या दलदलीतली ही वाळवलेली माती शेणीसारखी मंद आणि मायेने जळते. वॉटीने बर्चची लाकडं दिली, पण कुरकुरत.

"माझी लाकडं जाळून तू सरकारला सांगणार की तुला थंडी वाजते?"

"तुला पटत नसेल तर येऊ नकोस त्या दिवशी."

"येणार तर. लाकडं माझी, तर ऊबही माझीच."

साहेब आला. रुअरी ॲबरक्रॉम्बी. नाव कोटापेक्षा लांब आणि माणूस पावट्याच्या शेंगेसारखा कोवळा. दार उघडलं आणि आतून भट्टीसारखी वाफ आली. त्याच्या चष्म्यावर एकदम धुकं धरलं. त्याने मफलर काढला, मग कोट, मग स्वेटर. वॉटी शेगडीला चिकटून आपली ऊब वसूल करत बसला होता.

"बाई, तुमचं घर फार छान गरम आहे," साहेब म्हणाला.

"बसा ना, अजून एक लाकूड घालते."

मी टेबलाखालून एफीच्या पायाला लाथ मारली. पाय साहेबाचा निघाला.

"गॅसचा मीटर कुठे आहे?" त्याने पोटरी चोळत विचारलं.

"मीटर कशाला? गॅस काय माझा आहे? वाटसरू आहे तो, जातो आपल्या वाटेने."

साहेबाने लिहिलं. मी मान लांब करून वाचलं: मीटर दिसला नाही, घर उत्तम गरम. भिंतीतल्या नळीला नुसता हात लावला असता तरी त्याला कळलं असतं, ती बर्फासारखी होती. पण एफीने तोवर सातू घातलेलं मटणाचं दाट सूप पुढे ठेवलं, ओटच्या भाकऱ्या ठेवल्या, वर मनुकांचा वाफवलेला गोड गोळा. साहेब जेवला. मग त्याने हेमिशच्या खुर्चीत जरा पाठ टेकली, आणि टॅम त्याच्या पायांवर येऊन झोपला. पुढचं त्याला काही आठवत नाही.

उठला तेव्हा बाहेर बर्फाने पिवळ्या खांबाच्या टोपीवर दुसरी टोपी घातली होती आणि बर्फात घाटाचा रस्ता बंद करायचा अडसर खाली पडला होता. आमच्याकडे अडसर पडला की मुक्काम. माझं पोतं संपलं होतं, वॉटीची लाकडंही. वॉटी ऊब संपल्या संपल्या घरी निघून गेला होता. मीही निघालो.

सकाळी मी फावडं घेऊन वाट काढत गेलो, तर साहेब स्वयंपाकघरात बसलेला. अंगात हेमिशचा लोकरी आतला पोशाख, मानेपासून घोट्यापर्यंत, त्यावर हेमिशचे दोन स्वेटर, मांडीवर टॅम. उशाजवळ ठेवलेलं पाणी पेल्यात गोठलं होतं. खुर्चीवर वाळत घातलेले त्याचे मोजे कवायतीतल्या शिपायासारखे ताठ. एफी आपले दोन कोट घालून त्याला लापशी वाढत होती.

"काल तर..." साहेब म्हणाला. त्याचे दात आपल्या आपण बोलत होते. "काल तर मी लिहिलं, घर उत्तम गरम."

"मग खरंच लिहिलंस की, बाबा. होतंच गरम," एफी म्हणाली.

"पण ती ऊब आली कुठून?"

"माती डोडची. लाकडं वॉटीची."

"आणि तुमचं काय?"

एफीने जरा विचार केला. "सूप माझं होतं."

साहेब उठला, भिंतीपाशी गेला आणि नळीवर तळवा ठेवला. चटका बसावा तसा हात मागे घेतला. मग कचेरीला फोन लावला. त्याच्या मोठ्या बाई फोनवर आल्या. बर्फात फोनची तार तुटली नव्हती हे नशीब.

"नाही बाई, शेकोटी उसनी होती," तो सांगत होता. "हो, उसनी. शेजाऱ्यांची... नाही, मी प्यायलेलो नाही... नकाशात दिसतोय तो नळ शेतात आहे, घरात नाही. घराला रॉकेल लागतं... आता किती आहे?" त्याने एफीकडे पाहिलं. एफीने माझ्याकडे पाहिलं. मी खुंटीवरची पळी काढली.

सरकारी कामाला मी आयुष्यात हातभार लावला तो तेवढाच. साहेबाने खिडकी उघडून फोन तारेसकट बाहेर धरला आणि मी टाकी वरपासून खालपर्यंत वाजवली. ठण्ण. ठण्ण. अगदी बुडाशीसुद्धा ठण्ण. ओढ्यापलीकडून वॉटी ओरडला, "कळलं रे, रिकामी आहे."

"ऐकलंत बाई?" साहेब फोनात म्हणाला. "आणि आता बोलला तो साक्षीदार."

पैसे नाताळ आणि नव्या वर्षाच्या मधे आले. वर्ष संपायच्या आदल्या दिवशी टँकर चढ चढून आला. टाकी काठोकाठ काही भरली नाही, पण एफीच्या हिशेबाने वसंत गाठेल इतकी भरली. टँकर वळायच्या आत तिने ग्लासगोला फोन लावला. बोलली काही नाही. नुसता फोन खिडकीबाहेर धरला आणि मला खूण केली.

मी पळी मारली. ढप्प.

"ऐकलंस?" एफीने विचारलं.

"ऐकलं, आई," मोराग म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "वरच्या बाजूला ठोक म्हणावं डोडकाकांना, खाली कुणीही ढप्प वाजवेल."

लेक कुणाची. मी जरा वर ठोकलं. तिथेही ढप्प. कानाने नीट पारखून मोराग म्हणाली, "बरं. कोंबड्यांना माझा नमस्कार सांग."

साहेबाने हेमिशचा लोकरी पोशाख पोस्टाने परत पाठवला, धुऊन, इस्त्री करून, आभाराच्या चिठ्ठीसकट. बिचाऱ्याने तो शहरातल्या यंत्रात कढत पाण्याने धुतला होता. एफीने तो उलगडून हातभर अंतरावर धरला, बराच वेळ बघितला, आणि मग टॅमला हाक मारली.

टॅमला तो अगदी मापात बसला. हिवाळाभर तो पोशाख घालून तो सलगमांतून मेंढ्यांमागे धावतो. नळाची पाहणी करणारं हेलिकॉप्टर पिवळ्या खांबापाशी आलं की हल्ली एक घिरटी जास्त घालतं.