'नको' टेंपोत चढली

सगळ्यात आधी कोण टपकलं असेल? आमच्या वन्सं! पाहुणे नऊला येणार होते आणि ह्या कुंभिवलीहून साडेसातलाच रिक्षातून उतरल्या. बोलावलं कोणी नव्हतं... पण घोडी बघायला लोक येणार हे कानावर गेल्यावर त्या घरी कशा बसतील!

आल्या आल्या सुरू. "वयनी, घोडी टेंपोत चढवताय म्हणं? अगं, आमची म्हैस चढत नाय!" मी म्हटलं, आधी चहा घ्या.

तर घोडीचं सांगते. माझे मालक हयात होते तेव्हा माथेरानला आमची दोन घोडी असायची, त्यातलीच एक हिची आई. तिची आधीची दोन शिंगरं जगली नाहीत. म्हणून ही तिसरी झाली तेव्हा मीच नाव ठेवलं... नको. दृष्ट लागायला नको, देवानं न्यायला नको. माणसांत नाही का धोंडू, दगडू ठेवत? आमच्या वन्संसुद्धा धोंडाबाई, त्या अशाच... चांगल्या ठणठणीत आहेत.

ही नको आता चार वर्षांची. माझ्या नातीनं, सायलीनं, तिला तयार केलीय. डोंगराची पायवाट, ओढा, वाळका पाला, माकडं... सगळं थोडं थोडं दाखवत नेलं. आधी दोरी धरून चालत, मग पाठीवर बसून. बुजली की मारायचं नाही, ओढायचं नाही, नुसतं थांबायचं.

पण टेंपो दिसला की चारी पाय जमिनीत रोवायची. लहान असताना एकदा चढायची फळी तिच्या पायाखालून सरकली होती, ते डोक्यात बसलेलं. सायलीनं दोन महिने ती फळी अंगणात टाकून तिच्यावर कोंडा ठेवला. नको फळीवर उभी राहून खायची... पण फळी टेंपोला लावली की संपलं.

माझा मुलगा वैतागला होता. लग्नाच्या वरातीला घोडी नेणारे एकजण सारखे फोन करत होते. त्यानं सायलीला सांगूनच टाकलं, "आज चढली नाय तर वरातवाल्याला देतो." बँड, फटाके, डोक्यावर दिव्यांची झुंबरं... आणि आमची ही! पोर आदल्या दिवसापासून धड जेवली नव्हती.

पाहुणे म्हणजे एक मॅडम आणि त्यांचे मिस्टर. कर्जतच्या बाजूला लोकांना घोड्यावरून डोंगरात फिरवतात. आज ही वाट, उद्या ती, म्हणून घोडं टेंपोत चढायलाच हवं. चढली तर सायली आणि नको, दोघींनाही कामाला घेणार होते.

आधी वाटेवरचं चालणं बघितलं. ओढ्यापाशी नको थांबली... दगडात अडकलेली निळी पिशवी पाण्यात फडफडत होती. सायली पाठीवर गप्प बसून राहिली, मी काठावर पदराचं टोक चावत. मग नकोनं मान खाली घातली, फुर्र केलं आणि चालत पलीकडे! मॅडम मिस्टरांकडे बघून हसल्या. मी ते बरोबर टिपलं.

मग टेंपो. भाड्याचा, ड्रायव्हरही पहिल्यांदाच आलेला. सायलीनं सगळ्यांना बजावलं, कोणी बोलायचं नाही, मागून हाकलायचं नाही. वन्संना मी हाताला धरून शेजारी बसवलं, तोंडाचा काय भरवसा!

पहिल्यांदा नुसतं फळीला नाक लावलं आणि मागं. दुसऱ्यांदा एक पाय ठेवला, पत्रा वाजला... मागं. अर्धा तास हेच. ऊन चढलं. मुलानं खिशातून फोन काढला... कोणाला लावणार ते मला कळलं.

मग एकदाचे पुढचे दोन्ही पाय फळीवर. फळी करकरली. नेमका तेव्हाच ड्रायव्हर आत स्टेपनी बांधत होता, तो वळला तर समोर घोडीचं तोंड! कोपऱ्याला चिकटला आणि ओरडायलाच लागला, "ए नको! नको! नको नको नको!"

त्याला बिचाऱ्याला काय माहीत! आमच्याकडे गूळ द्यायला तिला अश्शीच हाक मारतात.

नकोनं कान टवकारले. धाड धाड धाड वर गेली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात तोंड घातलं! तो म्हणतोय, "नको रं बाबा!" तशी ती अजून जवळ...

हसायची पण चोरी. सायली हळूच वर चढली, गूळ दिला, ड्रायव्हर बाजूनं निसटला. मागचा फाळका लावला. आतून एक टाप वाजली... दुसरी वाजली... मग नुसता कोंडा चावल्याचा आवाज. टेंपो फाट्यापर्यंत जाऊन येईपर्यंत मी तुळशीपाशी उभी. परत आली तेव्हा नको निवांत उतरली आणि कडेचं गवत खायला लागली.

वन्सं म्हणाल्या, "वयनी, म्हशीचं नाव बदलते मी."

मॅडम मात्र स्पष्ट बोलल्या, "आज ड्रायव्हरदादांमुळे चढली. सायली, तुझ्या एकटीच्या हाकेला चढायला हवी." सायली फळीवर उभी राहिली, हळू आवाजात म्हणाली, "नको... ये गं." घोडीनं बराच वेळ विचार केला. मग एक पाय... दुसरा... आणि वर!

मुलगा फोन घेऊन गोठ्यामागं गेला. मी कान देऊन ऐकलं... "नाय भाऊ, घोडी नाय द्यायची आता." पोरीनं त्या दुपारी चार भाकऱ्या खाल्ल्या.

ड्रायव्हरदादा, हे वाचत असाल तर तुमचे लय उपकार. खिसा फाटलाय तो शर्ट आणून टाका, शिवून देते.

मॅडम गुरुवारी सकाळी येतो म्हणाल्यात, दोघींना न्यायला.